चौथ्या रिळातला कट

"कळलं. देशमानेसाहेबच," असं मी अंधारातच पुटपुटले आणि मांडीवरच्या कागदावर पेन्सिल टेकवली. चित्रपट सुरू होऊन पाऊण तासही झाला नव्हता.

तेवढ्यात रीळ संपलं आणि दिवे लागले. कोल्हापुरातल्या त्या स्टुडिओच्या लहानशा थिएटरात प्रोजेक्टर एकच होता. दर दहा मिनिटांनी दिवे लागायचे, ऑपरेटर पुढचं रीळ चढवायचा, आणि तोवर आम्ही प्रेक्षक एकमेकांची तोंडं बघत बसायचो. प्रेक्षक तरी कितीसे? माझ्याशिवाय दोघे. एक निर्माते नागराळे यांचे व्याही आणि दुसरे एक निवृत्त हेडमास्तर. व्याह्यांना तिसऱ्या रिळातच डुलकी लागली होती.

मागच्या भिंतीला टेकून तांदळेमामा बसले होते. ते चित्रपटाचे संकलक. चाळीस वर्षं फिल्मचे तुकडे जोडत आलेला माणूस. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना जाडजूड भिंगांचा चष्मा लागला होता. मामा पडद्याकडे बघतच नव्हते, ते आमच्याकडे बघत होते. कोण कधी हललं, कोणी कधी मान वळवली, याची त्यांच्या मनात नोंद चालली होती. मी पेन्सिल टेकवली तेव्हा त्यांनी नेमकं माझ्याकडे बघितलं होतं, हे मला चांगलं आठवतं.

गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची. मी सव्वीस वर्षांची होते आणि एका स्थानिक दैनिकात दर शुक्रवारी चित्रपटांवर लिहायचे. त्या सदराला गावात 'शालन माणगावेचा खाटीकखाना' म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. दोष काढायला अक्कल लागते आणि स्तुती काय कुणीही करतं, असं माझं तेव्हाचं ठाम मत होतं.

म्हणूनच उदय मिराशीने मला बोलावलं होतं. उदय कॉलेजात माझ्या वर्गात होता. 'तिसरी सही' हा त्याचा पहिला चित्रपट. "शालन, मला कौतुक नको," तो म्हणाला होता. "कागदावर मधोमध रेघ मार. एका बाजूला गुण लिही, दुसऱ्या बाजूला दोष. मंगळवारी निगेटिव्ह कापायला घेणार. एकदा ते कापलं की ब्रह्मदेव आला तरी काही बदलता यायचं नाही. काय सांगायचं ते आत्ता सांग."

चित्रपट होता कटकारस्थानाचा. पाटबंधारे खात्यातला एक कारकून. कालव्यावरचा पूल पडून नऊ माणसं मेलेली. पूल धडधाकट आहे असं सांगणाऱ्या फाईलवर तीन सह्या, आणि त्यातली तिसरी अशा इंजिनियरची, जो सहीखालच्या तारखेच्या दोन महिने आधीच वारलेला. कारकून ती सही घेऊन खालपासून वरपर्यंत फिरतो. ज्याच्याकडे जावं तोच त्यात अडकलेला. त्याला धीर देणारे, घरी बोलावून पोहे खाऊ घालणारे देशमानेसाहेब, हेच शेवटी सगळ्याचे सूत्रधार निघतात.

पण मला ते शेवटी कळायच्या ऐवजी चौथ्या रिळात कळलं. कारकून म्हणतो, "साहेब, ही सही मेलेल्या माणसाची आहे." त्यावर देशमानेसाहेब काही बोलत नाहीत. हातातल्या पेनाला सावकाश टोपण लावतात. ते टोपण पडदाभर मोठं दाखवलं होतं. झालं! जो प्रेक्षक जागा होता त्याला आता पुढची आठ रिळं थांबायचं कारणच उरलं नव्हतं.

चित्रपट संपल्यावर व्याह्यांनी कागदावर 'छान' लिहिलं. हेडमास्तरांनी 'बोधप्रद' लिहिलं. माझा कागद मात्र दोन्ही बाजूंनी भरला होता. गुणांत मी कारकुनाचं काम लिहिलं, शिपायाचं लिहिलं, आणि सगळ्यात वर लिहिला तो दफ्तरखान्यातला प्रसंग. सात मिनिटं कोणी बोलत नाही. कारकून एकेक फाईल काढतो, पंखा कुरकुरतो, आणि आपला जीव टांगणीला लागतो. दोषांची यादी अर्थातच लांब होती. नागराळ्यांच्या हट्टापायी मध्येच घुसडलेली लावणी. खलनायकाच्या डोक्यावर हलणारा केसांचा टोप. नायिकेला चहा आणून देण्यापलीकडे काम नाही. आणि पहिलाच दोष ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून: 'चौथ्या रिळात कट स्पष्ट कळतो.'

कागद उदयच्या हातात देऊन मी घरी गेले आणि पोटभर जेवले.

मंगळवारी सकाळी उदय आमच्या कचेरीत आला. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं.

"तुझ्या कागदाने काय करून ठेवलंय बघ," तो म्हणाला.

"काय केलं?"

"मामांनी चित्रपट सोडला."

मला आधी हसूच आलं. "एवढ्याशा टीकेने? उदय, खरं बोललं की सख्ख्या आईलाही राग येतो म्हणतात, ते काही खोटं नाही."

"राग असता तर बरं होतं गं." तो समोरच्या खुर्चीत बसला. "शनिवारी संध्याकाळी मी त्यांना तुझा कागद दाखवला. रविवार आणि सोमवार, दोन्ही दिवस ते टेबलावरून हलले नाहीत. चौथं रीळ पुढे-मागे, पुढे-मागे. काल सांजच्याला संकलनाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, मुंबईच्या त्या पोराला बोलाव. माझं नाव टायटलमधनं काढ."

मुंबईचं पोर म्हणजे नागराळ्यांनी हेरून ठेवलेला एक नवा संकलक. त्याने म्हणे आधीच सांगून ठेवलं होतं की दफ्तरखान्याची सात मिनिटं म्हणजे प्रेक्षकाला सक्तमजुरी, आपण ती एका मिनिटात बसवू. मामा महिनाभर त्या प्रसंगावर नागासारखे बसून होते. 'मी हाय तोवर न्हाई,' एवढं एकच उत्तर ते नागराळ्यांना द्यायचे.

"म्हणजे दफ्तरखाना गेला?" मी विचारलं.

"निगेटिव्ह आजच कापणार होते. पण कापणारे भोसले अमावास्येला निगेटिव्हला कात्री लावत नाहीत. त्यांच्या वडिलांपासूनचा नेम आहे. म्हणून उद्या सकाळी आठला बसायचं. मी आता तार ऑफिसात मुंबईचा ट्रंक कॉल लावायला चाललोय. तो पोरगा रात्रीच्या गाडीत बसला की उद्या इथे."

"पण मला एक कळत नाही," मी म्हणाले. "कथा तुझी, पटकथा तुझी. चौथ्या रिळातला दोष मामांनी का मनाला लावून घ्यावा?"

उदयने माझ्याकडे असं बघितलं की मी मराठीत बोलतेय की कानडीत असा त्याला प्रश्न पडला असावा. "मग काय मी लावून घेऊ? जा आणि त्यांनाच विचार," असं म्हणून तो उठून गेला.

मी हातातलं काम पुरं करायचा प्रयत्न केला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. माझ्यामुळे चित्रपटाचे दोष गेले असते तर मी मिरवलं असतं, पण इथे गुण जाणार होता आणि तोही माझ्याच पेन्सिलीने. मला फार अस्वस्थ वाटायला लागलं. शेवटी कागद तसेच टाकले आणि रिक्षा करून स्टुडिओ गाठला.

मामा चिंचेखाली बाजल्यावर बसले होते. चष्मा काढून शेजारी ठेवलेला. मी जवळ गेले तरी त्यांनी ओळखलं नाही.

"मी शालन, मामा."

"आलीस व्हय. बस."

मी बसले. माझ्या लिखाणावरून माणसं माझ्याशी भांडलेली होती, एका नटाने तर चौकात गाठून शिव्या दिल्या होत्या, पण असं गप्प कोणी बसलं नव्हतं.

"मामा, एका ओळीवरून कोणी चित्रपट सोडतं का?"

"ओळीवरनं न्हाई सोडला." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तू लिवलंस, चौथ्या रिळात कट कळतो. बरं. मी म्हटलं बघू. चौथ्या रिळात त्रेचाळीस कट हायत. एकेक बघितला. उलटा बघितला, सुलटा बघितला. आवाज बंद करून बघितला. दोन दिवस बघालोय. मला एकबी दिसंना."

"मामा—"

"थांब, ऐक. आमच्या धंद्यात कट दिसला की संकलक मेला. सांधा कुठं हाय ते बघणाऱ्याला कळता कामा नये. माझ्या वस्तादानं पयल्या दिवशी हेच शिकवलं. चाळीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं न्हवतं. आता तुला, एका पोरीला, बसल्या बैठकीत दिसला. दोन रेघा मारून लिवलंस. आणि मला दोन दिवस डोळं फाडून दिसंना. मग सांग, कुणाचं डोळं गेलं?"

त्यांचा आवाज शेवटी चिरकला. मी गार झाले. डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं.

"डाक्टर म्हणाला हुता, पयल्यासारखं दिसंल," मामा म्हणाले. "मीच मनाला सांगत बसलो, दिसतंय, दिसतंय. घरी बी सांगितलं न्हाई कुणाला. पण पोराचा पयला शिणेमा हाय. आंधळ्याच्या हातानं कशाला नासवायचा?"

"मामा, तो कट नव्हे हो!" मी जवळजवळ ओरडलेच.

"कंचा?"

"तो तुमचा कट नव्हे. देशमानेसाहेबांचा कट!"

मामांनी चाचपून चष्मा उचलला आणि डोळ्यांवर चढवला. भिंगांमागे त्यांचे डोळे लिंबाएवढे दिसत होते.

"कुणाचा?"

"देशमानेंचा. कारस्थान, मामा! पूल, फाईल, खोटी सही. देशमाने त्यात आहेत हे चौथ्या रिळातच कळतं, असं लिहिलंय मी. कट म्हणजे कारस्थान. आम्ही पेपरात तोच शब्द लिहितो. सरकार उलथवण्याचा कट, खुनाचा कट."

"म्हंजे सांधा न्हवं?"

"सांधा नव्हे. अख्ख्या बारा रिळांत मला एकही सांधा दिसला नाही. अहो, मी तर शोधतही नव्हते."

मामांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर आपटले.

"अगं भवाने! मग कारस्थान लिवायला तुझी पेन्सिल झिजली हुती काय?"

आणि ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते धोतराच्या सोग्याने पुसलं, तरी हसू थांबेना. माझेही डोळे भरून आले होते. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. आपण चुकलो याचा आनंद व्हावा, असा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग.

हसू ओसरल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. "ऊठ," ते म्हणाले. "कुठं कळतंय ते कारस्थान, दाव मला."

किल्ली उदयकडे होती. मामांनी खिडकीच्या गजातून हात घालून आतली कडी काढली आणि मला मागच्या दाराने खोलीत नेलं. चौथं रीळ मशीनवर चढवलं. इवल्याशा काचेवर कारकून आला, साहेबांपुढे उभा राहिला. "ही सही मेलेल्या माणसाची आहे." आणि भलंमोठं टोपण.

"इथे," मी म्हणाले.

मामांनी मशीन थांबवलं. टोपण काचेवर तसंच राहिलं.

"उदयनं लई हौसेनं घेतलंय हे," ते म्हणाले. "मलाबी आवडलं हुतं. टोपण लावलं, म्हंजे आता लिवणं संपलं, असा अर्थ. पण तू म्हणतीस ते खरं हाय. एवढं मोठं दावलं की चोर आपसूकच सापडतो."

मग त्यांनी मला बाजूला सारलं. चष्मा कपाळावर ढकलला आणि फिल्म नाकापाशी धरली. टोपणाच्या आधी एक काप आणि नंतर एक काप दिला. दोन हात लांबीची फिल्म बाहेर काढून खुंटीला टांगली. दोन टोकं खरवडली, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावलं, दाबून धरलं. तोंडाने आकडे मोजत होते. त्या हातांना डोळ्यांची गरज होती असं मला तरी वाटलं नाही.

"आता बघ."

कारकून साहेबांपुढे उभा राहिला. सहीबद्दल बोलला. दोघेही दूरवरून दिसत होते. साहेबांनी टोपण आताही लावलंच, पण टेबलाच्या कोपऱ्यात, फायलींच्या ढिगाआड, कोणाचं लक्षही जाणार नाही असं. मग साहेब म्हणाले, "घरी या. पोहे खाऊ." आणि मला ते इतके भले वाटले की अंगावर काटा आला.

"कळतंय?" मामांनी विचारलं.

"नाही कळत."

"काय कळत न्हाई? नीट बोल. तुझ्या अर्ध्या बोलण्यानं माझं दोन दिवस गेलं."

"कारस्थान कळत नाही."

"आणि कट?"

"तोही नाही. कुठे जोडलंत ते आत्ता माझ्यासमोर जोडूनसुद्धा दिसलं नाही."

मामांनी मान डोलावली आणि सदऱ्याला हात पुसले.

आज कोणी मला 'तिसरी सही'बद्दल विचारलं, आणि अलीकडे तरुण मुलं विचारतात, तर मी दोष अजूनही सांगते. लावणी तशीच राहिली. टोप शेवटच्या रिळापर्यंत हलतो. चित्रपट नऊ दिवस चालला आणि पुण्या-मुंबईच्या पेपरांनी 'संथ' या एका शब्दात त्याची बोळवण केली. तरीही कारस्थानाचा इतका चोख चित्रपट मराठीत मी तरी दुसरा पाहिला नाही. दफ्तरखान्यातली सात मिनिटं संपली की माणसं मोठ्याने श्वास सोडतात. आणि दुसऱ्यांदा बघणारा कोणीतरी टेबलाच्या कोपऱ्यातलं ते टोपण बघून खुर्चीतून उठतोच.

पण त्या दिवशी आम्हाला या कशाचीच कल्पना नव्हती. आम्हाला फक्त तार ऑफिस गाठायचं होतं.

रिक्षा मिळेना, म्हणून आम्ही चालत निघालो. मामा पुढे आणि मी धापा टाकत मागे. रस्त्याने मामा दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत होते. "महालक्ष्मी सायकल मार्ट. हवा भरून मिळेल. पाहुण्यांनी सायकल मागू नये." माणसं वळून बघत होती. "हे बघ, कोल्हापुरी चपल. अर्धा प खाल्लाय गड्यानं." त्यांचा चेहरा नुकत्याच लिहा-वाचायला लागलेल्या पोरासारखा झाला होता. एका वळणावर ते थांबले आणि लांबच्या एका बोर्डाकडे बोट दाखवलं. "त्यावर काय हाय सांग."

मी डोळे बारीक केले. "दिसत नाही, मामा."

"पिठाची गिरणी. मिरची कांडून मिळेल. शनिवारी बंद."

मामा तीस वर्षं त्याच रस्त्याने ये-जा करत होते. त्यांनी ते वाचलं की त्यांना पाठ होतं, देव जाणे. दोष काढणं हा माझा धंदा, पण त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं.

तार ऑफिसात उदय बाकावर डोकं धरून बसला होता. कॉल लावून त्याला तीन तास झाले होते. आम्हाला बघून तो उठला, आणि तेवढ्यात खिडकीतल्या माणसाने हाक मारली, "मिराशी! मुंबई लागली, तीन नंबरला बोला!"

उदय तीन नंबरच्या फोनच्या खोलीकडे धावला. मामा त्याच्या आधी पोचले. सव्वीस वर्षांच्या माणसाला साठीच्या माणसाने कोपराने बाजूला सारलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले.

"हॅलो! व्हय, कोल्हापूर. तिसरी सहीवाले... न्हाई, न्हाई, गाडीत बसू नगा. हितं संकलक नगं आता." मग त्यांनी चष्मा नीट केला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "हाय हितं एक."